बार्लीवर अनवाणी

१. व्हॅन

"शेंगदाणे खवट आहेत वहिनी, पण बोलायची सोय नाही."

राजीव हे बोलला अगदी हळू, व्हॅनच्या मधल्या सीटवर, रत्नाताईंच्या कानाशी. पण सव्वीस वर्षं ज्याचं घोरणं ऐकलं त्याची कुजबुज बायकोपर्यंत पोचत नाही, असं फक्त नवऱ्यांनाच वाटतं. मालिनीने स्टिअरिंग सोडलं नाही, मान वळवली नाही. आरसा तेवढा बोटभर खाली केला.

आरशात राजीवचा एक गाल फुगलेला दिसला. आतला घास गिळावा की ठेवावा, अशा विचारातला गाल. शेजारी रत्नाताई खिडकीबाहेर बघत संथपणे चावत होत्या, काढा घेताना माणूस जितका संथ होतो तितक्या. मागच्या सीटवर त्यांची लेक अनिका, कानात इअरफोन, हातात लाडू, अजून अख्खाच.

आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर रत्नाताईंचे यजमान, रवींद्रभाऊजी, डब्यातून दुसरा लाडू उचलत होते.

"मालिनी, फर्स्ट क्लास झालेत," ते म्हणाले. "दाणे काय खमंग भाजलेत."

मालिनी सुखावली. राजीवची कुरकुर तिने सोडून दिली. ताजमहाल बघून आल्यावर 'पार्किंग फार लांब होतं' एवढंच सांगणारा तो माणूस. स्वतः एक घास चाखला असता तर प्रश्न मिटला असता, पण साखर वाढल्यापासून ती लाडू वळायची, खायची नाही.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून उत्तरेला दीड तासावर पिकेट डिस्टिलरी होती. तिथल्या कोठारात एक्केचाळीस नंबरचं पिंप या दोन जोडप्यांचं होतं. आठ वर्षांपूर्वी मुलं कॉलेजला गेली, घरं खायला उठली, तेव्हा लोकांनी कुत्री पाळली, यांनी सिंगल माल्ट व्हिस्कीचं पिंप पाळलं. कल्पना भाऊजींची. फ्रिस्कोच्या मित्रमंडळात त्यांना 'नाक' म्हणत. ग्लास नाकाखाली धरून त्यांनी डोळे मिटले की न पिणारेही जवळ सरकत. "यात देवघर आहे," ते म्हणत. किंवा, "ही नुकती सासरी आलेली दिसते. माहेरचा गोडवा अजून अंगावर आहे."

आज त्या पिंपाचा निकाल होता. भाऊजी वास घेणार, तयार आहे की नाही ते सांगणार. 'हो' म्हणाले तर सोमवारी बाटल्या भरायच्या.

मालिनी कधी थेंबही घेत नसे, म्हणून गाडी तिच्याकडे. शिवाय हरवलेल्या वस्तू शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मंडळाच्या गणपतीत चांदीचा तांब्या गेला तेव्हा सगळ्यांनी केटररकडे संशयाने पाहिलं होतं. मालिनीने कोणाला काही विचारलं नाही, सरळ हॉलचा डिशवॉशर उघडला होता.

२. मोड

वॉल्ट पिकेट सत्तरीचा, उंच, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. आजोबा स्कॉटलंडहून आले, त्यांनी जशी व्हिस्की केली तशीच हा करत होता. शनिवार म्हणून कामगार सुट्टीवर होते. सगळ्या आवारात वॉल्ट आणि हे पाच जण, बाकी चिमण्या.

पहिल्यांदा त्याने एक लांबलचक थंड खोली दाखवली. जमिनीवर वीतभर जाडीचा बार्लीचा थर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटलेले.

"अगंबाई, हे तर आपले सातू," मालिनी म्हणाली. "भिजवायचे, मोड आणायचे, सुकवायचे, भरडायचे. मी नाचणीचं सत्त्व करते तसंच की."

"फक्त तू पुढे दारू करत नाहीस," राजीव म्हणाला.

"मला कोणी सांगितलं नाही कधी, नाहीतर केली असती."

दारात एक गंमत झाली. खोली दिसताच राजीव, भाऊजी, रत्नाताई आणि टेक्सासमध्ये जन्मलेली अनिकासुद्धा, सगळे एकाच वेळी खाली वाकून चपला-बूट काढायला लागले. वॉल्ट बघतच राहिला.

"अन्न आहे ना," मालिनीने त्याला समजावलं. "बुटाने तुडवत नाही आम्ही."

"दोरीच्या आत कोणी जात नाही, मॅडम. फक्त मी, आणि मी बूट घालूनच जातो." असं म्हणत त्याने लाकडी दाताळं घेतलं आणि मागे मागे सरकत सगळा थर विंचरून काढला. थर नव्या चटईसारखा सपाट झाला. "दिवसातून चार वेळा फिरवावं लागतं. आता पुढची पाळी संध्याकाळी सहाला."

मूठभर मोड त्याने वासासाठी पुढे केले. रत्नाताईंनी आधी हुंगलं. "भिजवलेल्या काकडीच्या सालीसारखं येतंय ना हो?"

भाऊजींनी डोळे मिटले. "काकडी. बरोबर. आणि मागे कुठेतरी ओल्या मातीचा माठ."

पुढे व्हिस्की गाळायचे तांब्याचे उंच मानेचे हंडे झाले, मग पिंपांचं कोठार. एक्केचाळीस नंबरच्या पिंपाच्या तोंडावर पांढऱ्या रंगात चार नावं होती: रवींद्र, रत्ना, राजीव, मालिनी. मालिनीने घरून आणलेलं हळदीकुंकू पिंपाला लावलं. वॉल्टने आक्षेप घेतला नाही.

शेवटी एक बोळ. बोळाच्या एका टोकाला मोडांची खोली, दुसऱ्या टोकाला एक कोठडी. कोठडीत टेबल, खुर्ची, एक जाड वही. बोळातल्या उघड्या फडताळात हातात मावेल एवढी बाटली, बुचाची, वर एक्केचाळीसची चिठ्ठी.

"आज पहाटे गारव्यात काढलं हे," वॉल्ट म्हणाला. "तीन वाजता पिंपाचा मालक त्या कोठडीत एकटा बसेल. दार बंद. कोणी बोलायचं नाही, कोणी सुचवायचं नाही. वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं. माझ्या आजोबांची रीत आहे."

"एकट्यानेच?" रत्नाताईंनी विचारलं.

"एकट्यानेच. चार वाजता मी बाटल्या भरणाऱ्यांना फोन करतो. तेव्हा हो नसेल तर पुढच्या वर्षी. पण सांगून ठेवतो, इथल्या उन्हाळ्यात पिंपाचं लाकूड मालात जोरात उतरतं. आणखी एक उन्हाळा गेला तर दाराची फळी चाटल्यासारखं लागेल."

भाऊजी हसले. हसू जरा उशिरा आलं, हे मालिनीने पाहिलं आणि भुकेच्या खात्यावर टाकलं.

३. फडताळ

जेवण बाहेर पिकानच्या झाडाखाली झालं. दशम्या, दही, लसणाची चटणी. वॉल्टने चटणी खाल्ली, पाणी प्यायला आणि ओसरीवरच्या डुलत्या खुर्चीत जाऊन टोपीखाली झोपी गेला.

त्यानंतरचा पाऊण तास जो तो आपापल्या उद्योगात होता. मालिनी आणि रत्नाताई नळावर डबे धूत होत्या. अनिका ओसरीच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. ती शाळेत ऑर्केस्ट्रा शिकवायची आणि सोमवारच्या कार्यक्रमाचा एक चेलोवाला आजारी पडला होता. राजीव वॉल्टच्या छोट्या दुकानात टोप्या घालून बघत होता. भाऊजी म्हणाले होते, "मी जरा ओढ्यापर्यंत जाऊन येतो. नाक मोकळं होईल."

अडीचला वॉल्ट जागा झाला, आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"एक्केचाळीस कोणी घेतली?"

कोणीच घेतली नव्हती. फडताळ रिकामं होतं. धुळीत बाटलीच्या बुडाचा गोल तेवढा स्वच्छ.

"दुसरी काढ ना मग," राजीव म्हणाला. "पिंप आहे की भरलेलं."

"दुपारच्या उन्हात मी पिंप उघडत नाही. माझ्या बापानेही कधी उघडलं नाही." वॉल्ट राजीवकडे बघत होता, बघायचं थांबत नव्हता. "तासाभरापूर्वी तूच म्हणालास ना, की यंदा नको, पुढच्या वर्षी भरू?"

राजीव म्हणाला होता खरा. डॉक्टरने त्याला वर्षभर ग्लास लांब ठेवायला सांगितलं होतं. आपण बघत बसायचं आणि बाकीच्यांनी प्यायचं, याबद्दल तो जेवताना दहा मिनिटं रडला होता.

"ते मी गमतीत म्हणालो यार."

"माझ्याकडे बारा पाहुण्यांची पिंपं आहेत," वॉल्ट म्हणाला. "इतक्या वर्षांत फडताळाला कुलूप लावलं नाही. उद्या लावेन."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मालिनीला ते कुलूप चोरीपेक्षा जास्त लागलं. आठ वर्षं दर मे महिन्यात या माणसाने त्यांना आपल्या झाडाखाली बसू दिलं होतं.

"वॉल्ट, चारपर्यंत वेळ आहे ना?" ती म्हणाली. "मला बघू दे."

मग तिचं लक्ष नवऱ्याच्या पँटकडे गेलं. उजवा खिसा टम्म फुगला होता आणि राजीव त्यावर हात ठेवून उभा होता.

४. खिसा

"काढ."

"काय काढू? मालिनी, लोक बघतायत."

"म्हणून इकडे आणलंय गाडीमागे. काढ खिशातलं."

राजीवने आधी आकाशाकडे पाहिलं, मग टिश्यू पेपरची एक पुरचुंडी बाहेर काढला. आत दीड लाडू.

"टाकणार होतो कुठेतरी," तो म्हणाला. "पण इथे कचऱ्याचा डबा ओसरीवर, आणि तू सारखी समोर."

 मालिनीने अर्ध्या लाडवाचा कण मोडला आणि जिभेवर ठेवला. साखर गेली खड्ड्यात. दाण्यांना जुन्या तेलाचा, बंद डब्याचा, गेल्या दिवाळीचा वास होता. चव मागाहून आली आणि तीही तसलीच. तिने ते तसंच गिळलं. स्वतःचं होतं.

"सकाळी का नाही बोललास?"

"काय बोलायचं? तू पहाटे उठून केलेस. वहिनींनी गिळला, अनिकाने पर्समध्ये टाकला, मी पाहिलं. सगळ्यांनी ठरवल्यासारखं केलं."

"सगळ्यांनी नाही," मालिनी सावकाश म्हणाली. पण पुढचं तिने मनातच ठेवलं.

अनिका पायरीवरच होती. "मालिनीमावशी, आय वॉज राइट हिअर. पूर्ण वेळ. वॉल्ट घोरत होता, मी त्याच्यावर मोठ्याने बोलत होते."

"राजीवकाका दुकानातून बाहेर आले?"

"मे बी. माझी पाठ होती." तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "मावशी, नाही मिळाली बॉटल तर इट्स ओके ना? एक वर्षच तर. तोपर्यंत थिंग्ज गेट बेटर."

"कुठल्या थिंग्ज गं?"

"जनरली," अनिका म्हणाली, आणि पायरीवरच्या मुंगीकडे मन लावून बघू लागली.

रत्नाताईंना विचारण्यासारखं नव्हतं. नळावर त्या सतत शेजारी होत्या. पण रत्नाताईच म्हणाल्या, "नको शोधूस मालिनी. व्हायचं ते होऊ दे. एवढं काय त्या दारूचं."

"ताई, मागच्या वर्षी याच पिंपाला तुम्ही नातवंडासारखं गोंजारलं होतंत."

रत्नाताईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, उघडलं आणि पुन्हा लावलं.

राहिले भाऊजी. ते ओढ्याच्या बाजूच्या बाकावर बसले होते. नेहमीचं नीटनेटकं जाकीट, मेच्या उन्हातही. मालिनी शेजारी टेकली आणि व्हिस्कीचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. इथे चिमण्यांनाही येत असेल, तिने मनात म्हटलं.

"लवकर सुरुवात केलीत वाटतं भाऊजी?"

"छे. निकालाच्या दिवशी मी आधी थेंब घेत नाही. चहासुद्धा नाही. नाक कोरं पाहिजे." ते ओढ्याकडे बघत होते. "राजीवला वॉल्ट फार बोलला का?"

"फार नाही. पण बघतोय असा, की राजीवने पिंपच पळवलं."

"राजीवने नाही घेतली."

"मलाही तसंच वाटतं. तुम्हाला कशावरून?"

"अगं, मित्र आहे माझा." ते उठले. एका बुटाची नाडी सुटली होती, दुसऱ्याची टाच मोडून आत गेली होती. सकाळी मोडांच्या खोलीबाहेर बूट परत घालताना याच माणसाने दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ मारली होती, गुडघा धरून, दोन मिनिटं घेऊन.

मालिनी त्या टाचेकडे बघत राहिली. मग चालत, जवळजवळ पळत, मोडांच्या खोलीकडे गेली.

५. पावलं

विंचरलेल्या थरावर पावलं होती. दारापासून पलीकडच्या खिडकीपर्यंत गेलेली आणि परत आलेली.

वॉल्ट तिच्या मागोमाग आला आणि गुरगुरला. मालिनीने त्याला दोरीजवळच थांबवलं.

"तुझे बूट दाखव." त्याने पाय उचलला. तळाला ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी. "याचा ठसा कसा उमटतो?"

त्याने कडेला एक पाऊल टाकून दाखवलं. मोड चिरडून सपाट झाले, नक्षी स्पष्ट दिसली. ती दुसरी पावलं तशी नव्हती. गुळगुळीत खोलगट खड्डे, पुढे बोटांकडे जरा खोल, आणि मोड वाकलेले, पण तुटलेले फारसे नाहीत.

"हा माणूस बूट काढून गेला," मालिनी म्हणाली.

"चोर बूट काढून का जाईल?"

"चोर नाही जाणार. आम्ही जाऊ." ती वाकली. दोरीच्या अगदी लगत, जिथून पहिलं पाऊल सुरू होत होतं तिथे, थरावर पाच लहान खळगे होते. बोटांची टोकं. "हे बघ. पाय ठेवायच्या आधी हात लावून नमस्कार केलाय. पाय लागणार म्हणून माफी मागितलीय तुझ्या बार्लीची."

वॉल्ट बराच वेळ त्या पाच खळग्यांकडे बघत होता. "असा चोर मी पाहिला नाही," तो म्हणाला.

मालिनीने सँडल काढल्या, बोटं टेकवली आणि पावलांवर पाऊल ठेवत खिडकीपर्यंत गेली. तिथे थर जरा उंचावला होता. मोड उबदार होते, फडक्यात बांधलेल्या मटकीसारखे. हाताला काच लागली.

बाटली आडवी होती. बूच नीट बसलं नव्हतं, मानेशी ओल होती. पाव भाग रिकामा, पण आजूबाजूचे मोड कोरडे आणि त्यांना वास काकडीचाच. म्हणजे जे सांडलं ते इथे सांडलं नव्हतं. इथे येईपर्यंत, वाटेत कुठेतरी सांडलं होतं.

कशात घेऊन आला असेल माणूस? हातात धरून तर नाही.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. सहाला वॉल्ट दाताळं फिरवणार, तेव्हा बाटली आपसूक त्याच्या हाती लागणार, हे सगळ्यांनीच ऐकलं होतं. चोराला व्हिस्की नको होती. ओतून द्यायलाही त्याचं मन झालं नव्हतं. त्याला फक्त चार वाजून जायला हवे होते.

लाडू, काकडी, सुटलेली नाडी. एकेक दाणा तिने मनात सोलला, आणि आतला कोंब दिसला तेव्हा तिला अजिबात आनंद झाला नाही. तांब्या सापडला होता तेव्हा ती हसली होती. आज वाटलं, ही बाटली परत मोडांत पुरावी आणि आपण बाहेर जाऊन म्हणावं, नाही बाई सापडली.

पण मग पिंपाची फळी होईल. आणि वॉल्ट कुलूप लावेल, आणि ते कुलूप राजीवच्या नावाचं असेल.

घड्याळात साडेतीन झाले होते. तिने बाटली पर्समध्ये टाकली.

६. निकाल

सगळे कोठडीबाहेरच्या बोळात जमले. मालिनीने बाटली फडताळात, धुळीतल्या गोलावर बरोबर ठेवली.

"मोडांत सापडली. बूट काढून गेलेल्या माणसाने ठेवली होती."

 रत्नाताई पुढे झाल्या. "मी ठेवली."

"ताई, तुम्ही माझ्याबरोबर नळावर होतात."

"मग मी," अनिका म्हणाली. "आय डिड इट."

"तू चेलोवाल्याशी भांडत होतीस. तुझे मोजे बघ, पांढरेशुभ्र. मोडांवरून गेलीस तर कोंब चिकटले असते."

राजीवने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "सगळेच कबूल करतायत तर मीही करतो. रांग लांब व्हायच्या आत."

"तुझ्या खिशात काय होतं ते मला माहीत आहे," मालिनी म्हणाली. "गप्प बस."

वॉल्टला एकही शब्द कळत नव्हता, पण तो टोपी हातात घेऊन उभा होता, देवळात उभा राहावं तसा.

"बाटलीचं बूच सैल होतं," मालिनीने सांगायला घेतलं.  "ज्याने नेली त्याने खिशात घालून नेली. ती खिशात पाझरली. साठ टक्के अल्कोहोलचा माल आहे, वॉल्ट म्हणतो. त्या खिशाला अजून असा वास येतोय की शेजारी बसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. दुसरा कोणी असता तर त्याला तेव्हाच कळलं असतं. जाकीट काढलं असतं, धुतलं असतं. पण हा माणूस तसाच बसलाय. आणि तो म्हणतो, आज एक थेंबही घेतला नाही. खोटं नाही बोलत तो. त्याला..."

इथे ती थांबली. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते तिचं नव्हतं. रत्नाताई जमिनीकडे बघत होत्या. अनिका आईकडे. राजीव भिंतीवरच्या एका खिळ्याकडे. मालिनीच्या ध्यानात आलं की धक्का कोणालाच बसलेला नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाला वेगवेगळं, केव्हापासून कोण जाणे, आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून लपवत होता. राजीवसुद्धा. घरी बारा वर्षं मुरलेली व्हिस्की म्हणून हा माणूस गेल्या दिवाळीपासून भाऊजींना स्वस्तातलं काहीतरी पाजत होता का? नाही, ते ती नंतर विचारणार होती.

भाऊजींनी जाकिटाच्या डाव्या खिशात हात घातला. रुमाल बाहेर आला, ओला, तपकिरी डाग पडलेला. तो त्यांनी नाकाशी धरला. डोळे मिटले, अगदी नेहमीसारखे. सगळे वाट बघत होते, जणू आता ते म्हणतील, यात देवघर आहे.

त्यांनी एकदा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग रुमाल खाली केला.

"मला वास येत नाही," रवींद्रभाऊजी म्हणाले.

ते हसत होते, आणि या वेळी हसू वेळेवर आलं होतं.

"दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, त्यानंतर. आधी वाटलं, परत येईल. मग वाटलं, पुढच्या महिन्यात येईल. लोक ग्लास पुढे करायचे, रवी, काय आहे यात? नाक म्हणून बोलावतात, नाकच नाही म्हटल्यावर मला कशाला बोलावतील? रत्ना आधी हुंगायची, एक शब्द टाकायची, त्याचं मी कीर्तन करायचो. पण त्या कोठडीत एकटं बसायचं होतं." त्यांनी राजीवकडे पाहिलं. "तुझ्यावर येईल असं नव्हतं वाटलं रे. चार वाजता मीच सांगणार होतो, मी घेतली म्हणून. बहुतेक सांगितलं असतं."

"अरे, बारशाला बोलावतात तेव्हा काय तुझं नाक बघून बोलावतात का?" राजीव म्हणाला. "माझ्या घरी तू आलास की निदान मालिनी मला कमी बोलते."

अनिकाने वॉल्टला इंग्लिशमध्ये सगळं थोडक्यात सांगितलं. तो ऐकून घेऊन मान हलवत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाला शेवटी ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो आणि म्हणायचो, हंडे फार आवाज करतात." त्याने घड्याळ पाहिलं. "पण रीत ती रीत. मालकाचं नाक लागतं. चारला दहा कमी."

"पिंपावर चार नावं आहेत," मालिनी म्हणाली.

सगळ्यांनी रत्नाताईंकडे पाहिलं.

"मी? मी तर पीतसुद्धा नाही."

"प्यायला कोण सांगतंय," भाऊजी म्हणाले. त्यांनी बाटली उचलून रत्नाताईंच्या हातात दिली. "दोन वर्षं काकडी कोणी ओळखली? जा. आणि माझ्यासारखं फिरवून फिरवून लिहू नकोस. तुला जे येतं ते लिही."

रत्नाताई पदर नसलेल्या कुर्त्याचा पदर सावरल्यासारखा खांदा सारखा करून आत गेल्या. दार बंद झालं. बाहेर भाऊजी दाराला कान लावून उभे. वॉल्टने त्यांना खांद्याला धरून मागे केलं.

आठ मिनिटांनी दार उघडलं. वहीत, इतर पिंपांच्या मालकांच्या इंग्लिश नोंदींखाली, मराठीत तीन ओळी होत्या. अनिकाने एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचल्या: "भाजलेली खारीक. चंदनाची सहाण. आता हिला थांबवू नका, वाट बघून कंटाळली आहे."

वॉल्ट फोन करायला गेला. जाता जाता त्याने खिशातून काढलेलं छोटं नवं कुलूप खिळ्यांच्या डब्यात परत टाकलं.

परत झाडाखाली आले तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. मालिनीने गाडीतून लाडवांचा डबा आणला आणि मधोमध उघडून ठेवला. एकाही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. रत्नाताईंनी पाण्याची बाटली जवळ ओढली. अनिका म्हणाली, "आय एम सो फुल, मावशी." भाऊजींनी तिसरा लाडू उचलला, मोडला, आणि मालिनीकडे बघून मनापासून म्हणाले, "आजच्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट ही."

मालिनी हाताची घडी घालून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती.

राजीवने सुस्कारा सोडला.

"मालिनी," तो म्हणाला, "लाडू खवट झालेत."